बाहुलीचं नाव

«ताई, मराठी चुकलं तर सांभाळून घ्या, अकरा वर्षांत सासूबाईंकडून शिकले. माझा जन्म कोरियातला. 1988 साली, चार वर्षांची असताना, मला सोलहून विमानाने अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसला आणलं. इथल्या कुटुंबाने दत्तक घेतलं. त्यांनी काही कमी केलं नाही. बाबा गेले, आई शहात्तर वर्षांची आहे. माझी मुलगी नुकतीच चार वर्षांची झाली. रोज सकाळी डे-केअरच्या दारात ती माझा कोट धरून रडते, ‘आई, नको जाऊस’ म्हणते. बापाने तिला मराठीच शिकवलंय. त्या क्षणी माझा दगड होतो. मी तिची बोटं एकेक करून सोडवते आणि मागे न बघता निघते. मग गाडीत बसून हात थरथरतात. मागच्या आठवड्यात तिच्यावर ओरडले, ‘रडून कोणी थांबत नसतं.’ हे माझ्या तोंडात कुठून आलं? नवरा म्हणतो, तुला तेव्हाचं काही आठवत नाही, उगाच कशाला उकरतेस. दत्तकाची फाइल मागवू? डीएनए देऊ? समुपदेशकाकडे जाऊ? आईला कळलं तर ती मोडून पडेल. मुलगी हल्ली माझी जुनी बाहुली घेऊन झोपते. बाहुलीचं नाव काजिमा. विमानतळावर उतरल्यापासून मी हा एकच शब्द घोकत होते म्हणून आईने बाहुलीला तेच नाव दिलं, दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती ही गंमत सांगते. दोन वर्षांपूर्वी एका कोरियन मालिकेत तो शब्द ऐकला. खाली अर्थ आला, ‘जाऊ नकोस’. मी टीव्ही बंद केला. कुणाला बोलले नाही. मराठीत लिहिते, कारण माहेरी कुणाला मराठी वाचता येत नाही. नाव छापू नका, बाकी छापा.»

तुला अगं-तुगं करते, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस.

तुझं पत्र बरंच मोठं होतं, इथे अर्धंच दिलंय. डे-केअरच्या दाराला तू एक अख्खं पान दिलंस आणि बाहुलीला चार ओळी, त्याही पत्र संपता संपता. मी त्या चार ओळींवरच अडले. पत्र घडी करून ठेवलं, स्वयंपाक केला, पुन्हा काढलं आणि पुन्हा तिथेच अडले.

त्या काळात मुलांना विमानातून पोचवायला कुणीतरी सोबत दिलेलं असे. विमानतळावर मूल नव्या आईबापांच्या हाती द्यायचं आणि आपल्या वाटेने निघायचं. तुझ्यासोबत कोण होतं हे तुला ठाऊक नसेल. पण ते माणूस वळलं तेव्हा बहुधा तुझी भाषा कळणारं शेवटचं माणूस निघून गेलं. चार वर्षांच्या पोरीने त्याला सांगितलं, जाऊ नकोस. दिवसभर सांगत राहिली. ते ऐकून मोठी माणसं हसली आणि तिच्या हातात बाहुली दिली.

पहिल्या रात्री कुणाला अर्थ कळला नाही, हे मी समजू शकते. पुढच्या इतक्या वर्षांत कुणी विचारलंही नाही, हे मला समजत नाही. मिनेसोटात कोरियाहून आणलेली हजारो मुलं लहानाची मोठी झाली. शब्दाचा अर्थ एका फोनवर कळला असता. तुझ्या आईने फोन केला नाही, गोष्ट पाठ केली. टर्की कापून झाली की सांगायची गोष्ट! तू ती लहानपणापासून ऐकतेस, आणि गेली दोन वर्षं अर्थ ठाऊक असून ऐकतेस. त्या दोन वर्षांत टेबलावर बसून तूही हसलीस का? तू लिहिलं नाहीस, पण मला वाटतं हसली असशील.

‘तुला काही आठवत नाही’ म्हणणाऱ्या नवऱ्याला एक सांग. नेदरलँड्समध्ये वाढलेल्या कोरियन दत्तकांवरचा एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना कोरियनचा एक शब्द येत नव्हता, तरी कोरियन उच्चार ते इतर डच माणसांपेक्षा चांगले शिकले. सहा महिन्यांचीही झाली नव्हती तेव्हा देश सोडलेली मुलंसुद्धा. तू तर चार वर्षांची, वाक्यं बोलणारी होतीस. तुला आठवतंय. रोज सकाळी डे-केअरच्या दारात आठवतं, म्हणून हात थरथरतात.

आणि ‘रडून कोणी थांबत नसतं’ हे कुठून आलं म्हणतेस? अगं, तुझ्या अनुभवातून आलं. तू रडलीस आणि कोणी थांबलं नाही. तेच तू तुझ्या लेकीला पढवते आहेस, आणि हे एवढं मात्र मी तुला माफ करणार नाही. ती पोर रोज तुझा कोट धरून एका जिवंत, समोर उभ्या आईला विनवते.

आता तुझ्या आईचं. ती मोडून पडेल, वय झालंय, तिने सगळं केलं. पत्रात हे तू तीनदा लिहिलंस, तीनही वेळा तुझं स्वतःचं काही सांगता सांगता. मला तिच्याबद्दल वाईट वाटून घ्यायला सवड नाही. तुझ्यासारखी सुमारे दोन लाख मुलं कोरियाबाहेर दिली गेली, 1985 या एका वर्षात साडेआठ हजारांहून जास्त. 2025 च्या मार्चमध्ये तिथल्या सत्य आणि सलोखा आयोगाने सांगितलं की आईबाप हयात असलेली मुलंही कागदावर अनाथ दाखवली गेली, एकाची ओळख दुसऱ्याला चिकटवली गेली, आणि सरकारने डोळेझाक केली. ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ली जे-म्यंग यांनी माफी मागितली. एका देशाच्या प्रमुखाने मान खाली घातली, आणि तुझ्या घरी अजून ती गंमतच आहे.

फाइल, डीएनए, सोल, समुपदेशक सगळं कर, पण नंतर. नमुना कोरियन वकिलातीत देता येतो, तो पुढच्या वर्षीही देता येईल. तुझ्या हातात आज जे आहे ते आधी कर.

या रविवारी आईला फोन कर. थँक्सगिव्हिंगची वाट बघू नकोस, तिथे पंचवीस माणसं असतील आणि तू पुन्हा हसशील. नवऱ्याला शेजारी बसव. त्याला आदल्या रात्री सांगून ठेव, नाहीतर तो मध्येच ‘जाऊ दे ना’ म्हणेल. फोनवर तीन वाक्यं बोल. काजिमा म्हणजे ‘जाऊ नकोस’. मी ते म्हणत होते. ही गोष्ट यापुढे सांगायची नाही. चौथं वाक्य बोलू नकोस. ‘तुझी चूक नव्हती’, ‘मला माहितीये तू प्रेम केलंस’, हे तुझ्या जिभेवर येईल, मला इथून दिसतंय. गिळून टाक. ती रडेल. रडू दे. आजवर तिच्या डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून तू गप्प राहिलीस, एका रविवारी तिला तिचं रडू तिचं तिला पेलू दे.

मराठीत लिहिलंस कारण माहेरी कुणी वाचणार नाही, हे मी समजले. पण सासूबाई वाचतील, लेकाला सांगतील, तुझ्या ते लक्षात आलं असेलच. तरी ‘छापा’ म्हणालीस. मला ते आवडलं.

सोमवारी सकाळी दारात पोर कोट धरेल तेव्हा बोटं सोडवू नकोस. खाली बस. तिच्या डोळ्यांसमोर ये आणि किती वाजता येणार ते सांग. मग त्या वेळेला हजर राहा, बर्फ पडो नाहीतर मीटिंग असो.

बाहुली काढून घेऊ नकोस तिच्याकडून. एखाद्या रात्री ती विचारेल हे कसलं नाव. मराठीतच सांग. तिला लगेच कळेल.