इंग्रजी वाक्यात डॅश द्यावा की कंस?

प्रश्न असा आहे: "ऑफिसात इंग्रजी पत्रं आणि अहवाल लिहावे लागतात. वाक्याच्या मधे जादा माहिती घालताना मी कधी डॅश देतो, कधी कंस, कधी नुसते स्वल्पविराम. तिन्ही चालतात असं वाटतं. मग फरक काय? आणि कंस आला की पूर्णविराम आत द्यायचा की बाहेर?"

तिन्ही चालतात हे खरं आहे, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पण कोणतं चिन्ह द्यायचं हा दुसरा प्रश्न. त्याआधी, मुळात चिन्ह द्यायचं की नाही हे ठरवावं लागतं, आणि मराठी माणसाचं इंग्रजी बहुतेक वेळा तिथे अडखळतं. म्हणून सुरुवात तिथून करते.

मधला मजकूर उचलून बाजूला ठेवायचा आणि उरलेलं वाक्य वाचायचं. ते व्याकरणात बसेलच. पण जे सांगायचं होतं तेच ते सांगतंय का, हे बघायचं. समजा, सूचनाफलकावर हे वाक्य आहे: "स्टुडंट्स (हू हॅव नॉट पेड द फीज) विल नॉट बी अलाउड टू सिट फॉर द एक्झाम." कंसातलं काढा. उरतं काय? "स्टुडंट्स विल नॉट बी अलाउड टू सिट फॉर द एक्झाम." म्हणजे सरसकट सगळ्या विद्यार्थ्यांना परीक्षेची बंदी! कंसाऐवजी दोन डॅश दिले किंवा दोन स्वल्पविराम दिले तरी अर्थ तोच होतो: विद्यार्थ्यांनी, म्हणजे सगळ्यांनीच, फी भरलेली नाही आणि त्यांना बसू दिलं जाणार नाही. लिहिणाऱ्याला हे म्हणायचंच नव्हतं. कोणते विद्यार्थी ते सांगणारा तो भाग वाक्याचा अवयव आहे. तो वेगळा काढता येत नाही, म्हणून तिथे कुठलंच चिन्ह नको. "स्टुडंट्स हू हॅव नॉट पेड द फीज" असं सलग लिहायचं.

ही चूक आपल्या हातून इतकी सहज का होते? मराठीत आपण म्हणतो, "ज्या विद्यार्थ्यांनी फी भरलेली नाही, त्यांना परीक्षेला बसू दिलं जाणार नाही." 'ज्या' आला की 'त्यांना' येणार, आणि ती जोडीच सांगते की दोन्ही भाग एकमेकांना बांधलेले आहेत. मधे स्वल्पविराम द्या किंवा देऊ नका, अर्थाला धक्का लागत नाही. आपण बहुधा देतो, आणि तीच सवय इंग्रजीत घेऊन जातो. पण इंग्रजीत ही जोडी नाही. तिथे 'हू' एकटाच असतो, आणि पुढचा भाग आवश्यक आहे की जादा, हे सांगायचं काम चिन्हांवर पडतं.

यामागे थोडा इतिहासही आहे. आपल्या पोथ्यांचं काम एक दंड आणि दोन दंड यांवर भागायचं. मोडीत तर शब्दही एकमेकांना लागून लिहीत. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहिली आणि इंग्रजीतली चिन्हं मराठीत कशी वापरायची ते सांगितलं. त्याआधी शेकडो वर्षं मराठी वाक्यं ज्या-त्या, जेव्हा-तेव्हा, 'म्हणजे', 'च', 'ही' यांच्या बळावर उभी होती. आजही बरीचशी त्यांच्याच बळावर उभी असतात. म्हणून मराठीत चिन्ह चुकलं तरी वाक्य सहसा तग धरतं. इंग्रजी वाक्य तसं धरत नाही. हा आपल्या भाषेचा गुण आहे, फक्त इंग्रजी लिहिताना तो लक्षात ठेवावा लागतो.

आता मधला भाग खरोखरच जादा आहे, काढला तरी चालतो, असं ठरलं. मग तिघांपैकी कोण? मुंबईच्या राजाबाई टॉवरविषयी एकच वाक्य तीन प्रकारे लिहून बघू.

"द राजाबाई टॉवर (कंप्लीटेड इन १८७८) स्टँड्स इन द फोर्ट एरिया."

"द राजाबाई टॉवर, नेम्ड आफ्टर प्रेमचंद रॉयचंद्स मदर, स्टँड्स इन द फोर्ट एरिया."

"द राजाबाई टॉवर—डिझाइन्ड बाय अ मॅन हू नेव्हर सॉ बॉम्बे—स्टँड्स इन द फोर्ट एरिया."

पहिल्या वाक्यात नुसतं साल आहे. ज्याला हवं तो बघेल, बाकीचे पुढे जातील, म्हणून कंस. दुसऱ्यात बांधकामाला पैसा देणाऱ्या प्रेमचंद रॉयचंद यांच्या आईचं नाव टॉवरला दिल्याची माहिती आहे. ती मुख्य वाक्याच्या बरोबरीने, त्याच सुरात वाचली जावी, म्हणून स्वल्पविराम. तिसऱ्यातली गोष्ट वेगळी आहे. आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट कधी हिंदुस्थानात आलेच नाहीत, त्यांनी तो इंग्लंडात बसून केला. हे वाचकाच्या नजरेतून सुटू नये असं लिहिणाऱ्याला वाटतं, म्हणून डॅश. आता अदलाबदल करून बघा. साल डॅशमध्ये घातलं तर वाचक थबकतो आणि १८७८ मध्ये असं काय विशेष घडलं ते शोधू लागतो. स्कॉट यांची गोष्ट कंसात कोंबली तर ती अर्ध्यांच्या नजरेतून निसटते. व्याकरणाच्या दृष्टीने ही सगळीच वाक्यं निर्दोष आहेत. निवड करायची ती वजनावर.

म्हणून डॅश जपून वापरावेत असं माझं ठाम मत आहे. एका वाक्यात डॅशची एकच जोडी. दुसरी जोडी आली की कुठला डॅश उघडणारा आणि कुठला मिटणारा हे कळेनासं होतं, कारण दोन्ही दिसायला सारखेच. कंसाचं तसं नाही; त्याचं तोंड कुठे आणि पाठ कुठे ते दिसतं. त्यातही मधला मजकूर आखूड ठेवावा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे कर्ता आणि क्रियापद यांच्यात लांब अंतर असण्याची आपल्या कानाला सवय आहे. "मामा काल रात्री साताऱ्याहून शेवटच्या एसटीने भर पावसात आला" यात कुणाला अडखळायला होत नाही. इंग्रजीत कर्त्याला क्रियापद लगेच हवं असतं. मधे दोन ओळींचा डॅश-मजकूर आला की वाचक मागे जाऊन 'कोण?' ते पुन्हा शोधतो.

डॅशच्या बारीकसारीक गोष्टीही आहेत. आजच्या इंग्रजीत डॅशच्या आधी स्वल्पविराम देत नाहीत. एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांत दोन्ही जोडीने दिसतात, ते अनुकरणीय नाही. मिटणारा डॅश वाक्याच्या अखेरीस येत असेल तर तो गळतो आणि पूर्णविराम एकटाच उरतो. मधल्या मजकुराला प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह चालतं, पूर्णविराम चालत नाही. एकटा डॅश शेवटच्या कलाटणीसाठी किंवा यादी संपवून "ऑल ऑफ देम" असं म्हणताना येतो. आणि संवादात कुणाचं बोलणं मधेच तोडलं गेलं तर डॅश. बोलणारा स्वतःच विरत गेला तर टिंबं.

कर्ता-क्रियापदाच्या वचनाचं मात्र जरा नीट पाहू, कारण तिथे आपल्याला दुहेरी फसायला होतं. "द चेअरमन (अँड टू मेंबर्स) वॉज प्रेझेंट" हे बरोबर आहे. कंसातली माणसं हिशेबात धरायची नाहीत. डॅश असते तरी हाच नियम. पण आपला हात 'वेअर' लिहायला जातो. एक तर तीन माणसं दिसतात म्हणून. दुसरं म्हणजे मराठीत अध्यक्ष एकटे असले तरी "अध्यक्ष उपस्थित होते" असं आदरार्थी अनेकवचनच आपण बोलतो. 'वॉज' कानाला खटकत असेल तर कंस काढून "द चेअरमन अँड टू मेंबर्स वेअर प्रेझेंट" लिहावं. मला ते जास्त सरळ वाटतं. सभेला आलेल्या सदस्यांना कंसात बसवायचं कारणच काय?

लांबीचं थोडक्यात सांगते. इंग्रजी छपाईत तीन वेगळ्या रेघा आहेत. सगळ्यात आखूड हायफन, म्हणजे आपलं संयोगचिन्ह. ते शब्द जोडतं. त्याहून लांब एन डॅश. तो "१९३९–१९४५" किंवा "मुंबई–पुणे" अशा 'पासून-पर्यंत'च्या जागी येतो. सगळ्यात लांब एम डॅश. आपण इतका वेळ बोलतोय तो मधला मजकूर वेगळा काढणारा, आपलं अपसारणचिन्ह. टाइपरायटरवर या सगळ्यांसाठी एकच कळ होती, म्हणून दोन हायफन लागोपाठ मारून डॅश करायची पद्धत पडली. वर्डमध्ये आजही दोन शब्दांच्या मधे जागा न सोडता दोन हायफन मारले आणि पुढचा शब्द टाइप करून स्पेस दिली की त्यांचा एम डॅश होतो. विंडोजवर ऑल्ट दाबून नंबर पॅडवर ०१५१ मारलं की एम डॅश आणि ०१५० मारलं की एन डॅश येतो. फोनवर हायफनची कळ दाबून धरली की दोन्ही समोर येतात. अमेरिकेत एम डॅश दोन्हीकडच्या शब्दांना चिकटवून देतात; ब्रिटनमध्ये बरेच प्रकाशक त्याऐवजी एन डॅश, दोन्ही बाजूंना जागा सोडून, देतात. कुठलीही पद्धत धरा, पण एका मजकुरात एकच. आणि "फ्रॉम १९३९–१९४५" असं लिहू नका. 'फ्रॉम' आला की 'टू' हा शब्दच हवा.

आता पूर्णविराम. शाळेत आपण 'कंचेभागुबेव' पाठ केलं आणि गणितात कंस आधी सोडवायला शिकलो. वाक्यात याच्या उलट करायचं: आधी कंस सोडून बाकीच्या वाक्याची चिन्हं नीट लावायची, मग कंस आत घालायचा. "शी रिप्लाइड ऑन मंडे (द ऑफिस वॉज क्लोज्ड ऑन सॅटरडे)." इथे कंस मुख्य वाक्याच्या पोटात आहे, म्हणून पूर्णविराम कंसाबाहेर. आतलं वाक्य पूर्ण असलं तरी त्याला स्वतःचा पूर्णविराम नाही, आणि त्याचं पहिलं अक्षरही छोट्या लिपीतलं. देवनागरीत मोठं-छोटं अक्षर हा प्रकारच नसल्यामुळे ही दुसरी गोष्ट आपल्या नजरेतून हमखास सुटते. पण "शी रिप्लाइड ऑन मंडे." असं वाक्य संपवून मग कंसात स्वतंत्र वाक्य लिहिलं, "(द ऑफिस वॉज क्लोज्ड ऑन सॅटरडे.)", तर पूर्णविराम आत आणि पहिलं अक्षर मोठं.

स्वल्पविरामालाही हाच हिशेब. "आफ्टर द मीटिंग (व्हिच लास्टेड थ्री आवर्स), वी वेंट होम." कंस उचलला तरी 'मीटिंग'नंतर स्वल्पविराम लागतोच, म्हणून तो ठेवायचा, पण मिटलेल्या कंसाच्या पुढे. मधला मजकूर घालणाऱ्या कंसाच्या तोंडाशी तो कधीच येत नाही.

चौकोनी कंस गोल कंसाच्या जागी वापरू नका. दुसऱ्याचं म्हणणं अवतरणात देताना आपण आपला शब्द घातला तर तो चौकोनी कंसात, म्हणजे मूळ शब्द कुठले आणि आपला कुठला ते वाचकाला कळतं. अमेरिकन सहकाऱ्याशी बोलताना एवढं ध्यानात असू द्या की नुसतं 'ब्रॅकेट' म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर चौकोनी कंस येतो. गोल कंसाला तो 'पॅरेंथेसिस' म्हणतो.

प्रश्नात नव्हतं, पण ऑफिसच्या पत्रांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. मराठी अर्जात आपण "विषय :-" असं लिहितो, आणि तेच इंग्रजी पत्रात "सब्जेक्ट :-" होऊन येतं. विसर्गासारखी दोन टिंबं आणि त्यापुढे आडवी रेघ ही जोडी जुन्या इंग्रजी छपाईत होती. इंग्रजीने ती केव्हाच सोडली. मराठी अर्जात ती रुळलेली आहे, तिथे खुशाल असू द्या. इंग्रजीत 'सब्जेक्ट'ला चिकटून नुसती दोन टिंबं द्या, रेघ नको.