दिवसभर झाडू मारते, मग व्यायाम कशाला?

प्रश्न: ताई, माझी आई ५२ वर्षांची आहे, सात रस्त्याजवळच्या एका चार मजली कॉम्प्लेक्समध्ये झाडू-फरशीचं काम करते. लिफ्ट आहे पण सफाईवाल्या बायकांनी वापरायची नाही असं सांगितलंय, त्यामुळं भरलेली बादली घेऊन जिन्यानंच चढते. महिन्याभरापासनं तिसऱ्या मजल्यावर गेलं की छातीत आवळल्यासारखं होतं, कठड्याला धरून दोन मिनिटं थांबली की बरं वाटतं. गॅस आहे म्हणून सोडा पिते. गणपतीतल्या शिबिरात बीपी १५६/९६ निघालं होतं, गोळी सुरू केलीच नाही. सकाळी सिद्धेश्वर तलावाकडं चालायला चल म्हटलं तर म्हणते, "दिवसभर हातपाय चालूच हायत की, अजून कसला व्यायाम?" खरंय का तिचं?
- एक मुलगी, सोलापूर

उत्तर: चालण्याचं नंतर बोलू, आधी आईला उद्याच सिव्हिलला घेऊन जा. चढताना आवळतं आणि थांबलं की जातं, हे गॅसचं लक्षण मला वाटत नाही, हृदयाला रक्त कमी पडतंय का ते बघायलाच पाहिजे. एक सांगते, आराम करताना काढलेला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो, म्हणून तेवढ्यावर घरी येऊ नका, बादली, जिना, कठडा, सगळं डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा, म्हणजे पुढच्या तपासण्या ते ठरवतील. बसून असतानाही आवळलं, घाम फुटला, जबडा किंवा डावा हात दुखायला लागला, तर सोडा पाजत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा. काही बायकांना कधी कधी छातीत दुखत नाही, नुसता दम लागतो, मळमळतं, पाठ भरून येते, आणि म्हणूनच दुर्लक्ष होतं.

आता आईच्या प्रश्नाचं. सगळ्यांनाच तसं वाटतं, पण ते खरं नाही. चालायला गेलं की अर्धा तास ठोके वाढतात, मग माणूस बसतो, हृदयाला विसावा मिळतो. कामात सात-आठ तास वाकणं, पिळणं, उचलणं चालूच, ठोके आणि बीपी दिवसभर चढलेलंच राहतं आणि थांबायचं कधी हे मुकादम ठरवतो. डेन्मार्कमधल्या कोपनहेगनमध्ये १ लाख ४ हजार लोकांवर सुमारे १० वर्षं लक्ष ठेवलं, २०२१ साली ते छापून आलं: फावल्या वेळात हालचाल करणाऱ्यांना हृदयविकार कमी, अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांना जास्त. डेन्मार्कमध्येच ११६ सफाई कामगारांपैकी निम्म्यांना ४ महिने आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास जोराचा व्यायाम दिला, तर त्यांचे आरामातले ठोके कमी झाले पण बीपी उलट थोडं वाढलं. आधीच दमलेल्या शरीरावर अजून ओझं पडलं असावं. म्हणून तपासणी झाल्याशिवाय आईला तलावाकडं नेऊ नका.

मला खरी काळजी आहे ती पाण्याची. कामावर बायकांना धड संडास नसतो म्हणून त्या पाणीच पीत नाहीत, हे मी कितीजणींकडनं ऐकलंय. मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळीसच्या वर, घाम जातोय आणि पोटात पाणी नाही, मग रक्त दाट होतं, ठोके वाढतात. घरनं बाटली द्या आणि संडासाबद्दल मुकादमाशी तुम्हीच बोला. मिश्री लावत असेल तर ती सुटायलाच पाहिजे, तंबाखू हिरडीतनंसुद्धा रक्तात जाते आणि बीपी चढवते. शेंगाचटणी खाऊ दे पण वरनं मीठ, पापड, लोणचं नको, दिवसाचं सगळं मिळून एक छोटा चमचाच मीठ. संडास धुताना अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधी एकत्र करायची नाही, त्यातनं क्लोरीन वायू निघतो, छाती भरून येते.

बीपीची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, डॉक्टरांनी दिली की रोज घ्यायची, बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. पगारातून पाऊण टक्का ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, कापतात का तेही बघा, कापत असतील तर उपचार आणि, अटींत बसलं तर, आजारपणाच्या रजेत पगाराचा काही भाग, दोन्हीवर तिचा हक्क आहे.

डॉक्टरांनी परवानगी दिली की सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी तलावाकडं जा, हळूहळू, गप्पा मारत. तोवर बादली अर्धीच भरायला सांगा, दोन खेपा झाल्या तरी चालतील.