दुर्गम भागांत उडणाऱ्या ख्रिस्ती मिशनच्या छोट्या विमानांवर काम करणाऱ्यांचं घर कसं चालतं? पगार कोण देतं?

बहुतेकांना नोकरीसारखा पगार नसतो. 1945 पासून चालणाऱ्या मिशन एव्हिएशन फेलोशिपसारख्या संस्थांत कुटुंबं स्वतःच देणगीदार जमवतात: चर्च, नातलग, मित्र. म्हणून तर देणगीदारांना त्यांची ती घरची पत्रं येतात, मुलाचा दात पडला आणि इंजिन उतरवलं, दोन्ही एकाच पानावर!

आमच्या वडोदऱ्यातला, फतेगंजचा माझा आतेभाऊ पापुआ न्यू गिनीत माउंट हेगनला विमानदुरुस्ती करतो. तिथून राजधानी पोर्ट मोर्सबीला गाडीने जाता येत नाही, रस्ताच नाही. डोंगरातल्या कित्येक धावपट्ट्या म्हणजे गवताचा उतार: चढावर उतरायचं, उतारावरून उडायचं. दुपारी ढग दाटतात, म्हणून कामाला सुरुवात भल्या सकाळी. कॉफीच्या पोत्यांबरोबर माणसंही वजनकाट्यावर चढतात, कडेवरच्या पोरासकट. एखादं विमान आडरानात बिघडलं की हा हत्यारांची पेटी घेऊन निघतो, आणि वहिनीचा जेवणाचा बेत पातेल्यातच राहतो.

मला विचाराल तर खरा ताण पैशांचा आणि मुलांच्या शाळेचा. एक-दोन देणगीदार गळाले की सुट्टीत इकडे येऊनही घरोघर भेटी सुरू. बायकोला ‘तुम्ही काय करता?’ असं कुणी विचारत नाही, हे मला फार खटकतं; हिशेब, पाहुणे, ती पत्रं, सगळं तीच बघते.

त्यांचं घड्याळ साडेचार तास पुढे, त्यामुळे आत्या व्हिडिओ कॉल रविवारी दुपारीच करते. नातवाची मागणी एकच: आजी, सेव-उसळ दाखव.