इंग्रजीचे अवघड शब्द पाठ आहेत, पण वाक्यात वापरता येत नाहीत. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की यादीतले दीड हजार अवघड शब्द अर्थासकट तोंडपाठ आहेत, पण लिहायला बसलं की एकही सुचत नाही. आणि मुलाखतीत 'माय अंकल इज लुक्रेटिव्ह' ('लुक्रेटिव्ह' म्हणजे भरपूर पैसा मिळवून देणारं) म्हणालात तेव्हा समोरचे नुसते बघत राहिले. मला तरी तुमच्या पाठांतरात खोट दिसत नाही. तुम्ही शब्द एकेकटे पाठ केलेत, आणि शब्द एकटा राहत नाही.

मराठीचंच बघा ना. पूर ओसरतो, ताप उतरतो, वारा पडतो, राग निवळतो. चारही ठिकाणी कमी होणंच आहे. पण कुणी 'वारा उतरला आणि ताप पडला' म्हटलं, तर मराठी ही त्याची घरची भाषा नाही हे लगेच कळतं. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, लहानपणापासून ऐकून अंगवळणी पडलंय. इंग्रजीतही पुराचं पाणी 'रिसीड' होतं, दुखणं 'ईज' होतं, वारा 'ड्रॉप' होतो. यादीत मात्र तिन्हींपुढे 'कमी होणे' एवढंच छापलेलं सापडतं.

मला हे कळलं ते चुकल्यावर. मी सांगलीत एका हळद व्यापाऱ्याच्या ऑफिसात काम करते. परदेशी गिऱ्हाइकांचे मेल माझ्याकडे असतात. पहिल्याच वर्षी, सौदे जोरात चालू असताना, मला कळवायचं होतं की पॉलिश केलेलं हळकुंड आमच्याकडे भरपूर आहे. 'एक्झॉर्बिटंट' म्हणजे बेसुमार, असं वाचलेलं डोक्यात होतं. मी लिहिलं, 'वुई हॅव एक्झॉर्बिटंट स्टॉक.' दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की भाव एवढा कशामुळे चढवलात? तो शब्द किंमत, भाडं, व्याज, फी यांच्याबरोबर जातो आणि त्यात 'अवाच्या सवा' ही तक्रार असते. मला हवा होता साधा 'अँपल', म्हणजे भरपूर. खुलासे करण्यात दोन दिवस गेले, तोवर बोलणी अडून राहिली. शेठ काही बोलले नाहीत, पण मला फार लागलं.

त्यानंतर मी वहीच बदलली. एका शब्दाला अर्धं पान. वर शब्द, खाली त्याचे सोबती म्हणजे त्याच्याबरोबर येणारे शब्द, मग कुठेतरी वाचलेलं एक वाक्य जसंच्या तसं, आणि शेवटी माझ्या स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य. हे शेवटचं वाक्य कधी सोडू नका. 'इनंडेट', म्हणजे पाण्याखाली बुडवणं, याचं पान मला आजही डोळ्यांपुढे दिसतं. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी तिथे 45 फूट आहे. मी लिहिलं, 'अवर लेन वॉज इनंडेटेड बाय द रिव्हर.' त्याखाली दुसरं, 'वुई वेअर इनंडेटेड विथ फोन कॉल्स.' पहिल्यात खरं पाणी आहे, दुसऱ्यात नातेवाइकांच्या काळजीचा पूर. 'बाय' कुठे आणि 'विथ' कुठे, हे त्या दोन ओळींनी कायमचं बसलं. यादीतून ते कधीच बसलं नसतं.

सोबती शोधायला इंग्रजी-मराठी कोश पुरत नाही. शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे. परक्या विद्यार्थ्याला अर्थ कळतो पण वाक्य जमत नाही, हीच अडचण त्यांच्यासमोर होती. त्यातून 1942 मध्ये तोक्योत निघालेला त्यांचा कोश पुढे ऑक्सफर्डचा झाला. अशा कोशात शब्दाखाली वाक्यं असतात, कुठलं शब्दयोगी लागतं तेही असतं. अर्थ वाचून पान मिटू नका, वाक्यं वाचा.

आता यादीबद्दल. दुर्मीळ शब्दांच्या मागे धावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. न्यूझीलंडमधल्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली अभ्यासाच्या पुस्तकांत सतत येणाऱ्या शब्दांची यादी केली. त्यात 570 शब्दकुळं आहेत, म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कूळ. रोजचे सर्वांत सोपे दोन हजार शब्द त्यांनी आधीच वगळले होते. 'सिग्निफिकंट', 'कॉन्सिक्वेन्स', 'एस्टॅब्लिश' असले शब्द त्यात आहेत. दिसायला साधे, पण वापरता आले तर लिखाण एकदम वर जातं. बँकेच्या परीक्षेतल्या गाळलेल्या जागांना हीच तयारी कामी येते, कारण तिथेही कुठला शब्द कुणाशेजारी बसतो तेच विचारलेलं असतं.

दिवसाला तीनच शब्द घ्या. दुसऱ्या दिवशी, चार दिवसांनी, मग पंधरवड्याने वहीचा खालचा भाग झाका आणि वाक्य नव्याने करा. नुसतं वाचून 'येतंय' वाटतं, पण हात अडतो.

तुमचं मुलाखतीतलं वाक्य एवढं वाईट नव्हतं. माणूस 'लुक्रेटिव्ह' नसतो, त्याचा धंदा असतो. तुम्ही तासगावचे आहात आणि काकांची द्राक्षबाग आहे असं लिहिलंय, म्हणून 'माय अंकल्स ग्रेप बिझनेस इज लुक्रेटिव्ह.' बागेला बरं वर्ष असेल तरच हे खरं, तेव्हा काकांना विचारून लिहा. 'ऑफर', 'डील', 'मार्केट' हे त्याचे आणखी सोबती. पहिलं अर्धं पान याच शब्दाचं भरा आणि तुमचं वाक्य इथे खाली टाका, मी बघेन.