एबीएसचा पिवळा दिवा : वाचकांची प्रश्नोत्तरे

सोयाबीन विकून झालं, कापसाची पहिली वेचणी घरात आली की आपल्याकडे जुन्या गाड्यांची खरेदी सुरू होते. मग माझ्याकडे तेच ते प्रश्न येऊ लागतात. गाडी घेतली, आठ दिवसांत मीटरवर एबीएसचा दिवा लागला, घरच्या घरी काही करता येईल का? (एबीएस म्हणजे चाकांचा वेग सेन्सरनं मोजून, जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा.) थोडंफार येतं. कुठे हात घालायचा आणि कुठे नाही, एवढं कळलं तर.

जुनी मोटारसायकल घेतली. चावी फिरवली की एबीएसचा दिवा लागतो आणि गाडी थोडी पुढे गेली की विझतो. सेन्सर गेला का? (मोर्शी)

नाही. तो असाच विझायला हवा.

गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, इंजिन चालू ठेवून चेनला तेल दिलं. तेव्हापासून दिवा जात नाही. (दारव्हा)

मागचं चाक फिरत होतं आणि पुढचं थांबलेलं होतं. एबीएसला ते पटलं नाही. चावी बंद करा, पुन्हा सुरू करून थोडं अंतर चालवा. तरी राहिला तर दाखवून घ्या. आणि चालू इंजिनवर चेनजवळ बोटं नेऊ नका, चाक हातानं फिरवा.

कारचा एबीएस दिवा कायम लागलेला आहे. मेकॅनिक म्हणतात, चारही सेन्सर बदला. एवढा खर्च गरजेचा आहे का? (हिंगणघाट)

चारही सेन्सर एकाच दिवशी जात नाहीत. असं सांगणाऱ्याला एकच विचारा : स्कॅनर लावला का? एबीएसमधला बिघाड वाचणारा स्कॅनर लावला की कोणत्या चाकाची तक्रार आहे ते बिघाडाच्या कोडवरून कळतं. पण तो कोड त्या चाकाच्या सर्किटकडे बोट दाखवतो, सेन्सर मेला असं म्हणत नाही. वायर तुटलेली असेल, वायरींच्या जोडात, म्हणजे कपलरमध्ये पाणी गेलं असेल, टोन रिंगला (चाकासोबत फिरणारं दातेरी कडं, त्यावरून सेन्सर वेग मोजतो) तडा असेल, तरी कोड तोच येऊ शकतो. म्हणून गाडी वीस-तीसच्या वेगात चालवून स्क्रीनवर चारही चाकांचा वेग बघायचा. तीन चाकं पंचवीस आणि एक शून्य दाखवत असेल तर शोध त्या एका चाकापुरता उरतो. स्क्रीन शेजारी बसलेल्यानं बघायची, चालवणाऱ्यानं नाही.

चाक कळलं की घरी एवढं करा. सपाट, टणक जागेवर गाडी उभी करा, बाकीच्या चाकांना दगड लावा, जॅकवर उचला आणि खाली पक्का स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही. काळ्या रानात तर जॅक उभाच करू नका. मग चाक काढून बघा. पावसाळ्यात पांदण रस्त्यानं गेलेल्या गाडीत काळी माती टोन रिंगच्या दातांत बसते आणि वाळली की दगड होते. ती पाण्यानं भिजवून नायलॉनच्या ब्रशनं काढा. स्क्रू ड्रायव्हरनं कोरू नका. कपलर उघडून हिरवा गंज आहे का बघा, वायर कुठे घासलेली आहे का बघा. सेन्सर हबमध्ये गंजून बसला असेल तर हातोडी उचलू नका. तो तुटला की अर्धा आतच राहतो आणि दोनशेचं काम दोन हजारांवर जातं. तिथून पुढे जाणकाराकडे.

मल्टिमीटर असणाऱ्यांसाठी : जुन्या पद्धतीच्या सेन्सरचा रेझिस्टन्स साधारण हजार ओहमच्या आसपास मिळतो, गाडीनुसार कमी-जास्त. नव्या गाड्यांत बहुतेक वेळा ॲक्टिव्ह, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला सेन्सर असतो. त्याला ओहमवर मोजून काही कळत नाही, उलट तो बिघडू शकतो. कोणता आहे हे माहीत नसेल तर मोजू नका.

ऑनलाइन स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर मागवला. तो 'काही बिघाड नाही' म्हणतो, पण दिवा आहेच. (मेहकर)

तो इंजिनचे, म्हणजे 'पी'नं सुरू होणारे कोड वाचतो. एबीएसचे कोड बहुधा 'सी'चे. तिथपर्यंत अशा यंत्रांपैकी बरीचशी पोचतच नाहीत. डबीवर काय छापलंय यावर जाऊ नका.

गाडी ढोरांच्या कोठ्यात उभी असते. उंदरानं चाकाजवळची वायर कुरतडली. पीळ देऊन टेप मारली तं चालन का? (आर्णी)

चार दिवस चालेल. चाकाजवळची वायर प्रत्येक वळणावर आणि खड्ड्यावर हलते. पीळ सुटतो, टेपमध्ये पाणी शिरतं. तिथे सेन्सर वायरसकट बदलावा. तुटलेली जागा आत, न हलणारी असेल तर झाळून, वर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवून जोड चालतो. दोन्ही वायरींना मुळात एकमेकींभोवती पीळ असेल तर तो तसाच ठेवा. आणि ढेपेचं पोतं गाडीपासून लांब ठेवा.

मागच्या चाकाचं बेअरिंग बदललं आणि त्याच दिवशी दिवा लागला. (मूर्तिजापूर)

बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच टोन रिंगऐवजी चुंबकी पट्टी असते. ती बाजू सेन्सरकडे हवी. उलटं बसवलं, किंवा हातोडीनं ठोकून पट्टी दुखावली, की सिग्नल बंद. काही वेळा पट्टी नसलेलं बेअरिंगच बसवलेलं असतं. ज्यांनी बसवलं त्यांच्याकडेच परत जा, बिल घेऊन.

ऑटो कन्सल्टंटकडून २०१६ ची कार घेतली. एबीएसचा दिवा कधीच लागत नाही, म्हणजे सिस्टिम ठीक आहे ना? (वरोरा)

कधीच लागत नाही? चावी फिरवल्यावरही नाही? मग ठीक नाही.

चावी 'ऑन'ला आली की एबीएसचा दिवा काही सेकंद लागलाच पाहिजे. ती त्या यंत्रणेची स्वतःची तपासणी असते. सगळं ठीक असेल तर तो विझतो, कारमध्ये बहुतेक उभ्या उभ्याच. मुळात लागतच नसेल तर एक तर बल्ब गेलाय, नाही तर कुणी तरी मुद्दाम काढलाय किंवा आतून पट्टी चिकटवलीय. मॉड्यूल, म्हणजे एबीएसचा कंट्रोल बॉक्स, दुरुस्त करायला हजारो रुपये, पट्टीला काही नाही. विकणारा कोणतं करेल, तुम्हीच सांगा.

याहून चलाख प्रकार वायरिंगचा. एबीएसच्या दिव्याची वायर काढून ऑइल प्रेशरच्या नाही तर चार्जिंगच्या दिव्याला जोडतात. मग चावीला दिवा लागतो, इंजिन सुरू होताच विझतो, आणि गिऱ्हाईक खूश. हे ओळखायचं कसं? चावी ऑन करा, पण इंजिन सुरू करू नका. एबीएसचा दिवा काही सेकंदांनी आपला आपण विझला पाहिजे. इंजिन सुरू होईपर्यंत तो जळत राहिला आणि बॅटरीच्या नाही तर ऑइलच्या दिव्यासोबत त्याच क्षणी गेला, तर संशय घ्या. खात्री स्कॅनरनंच होते. मॉड्यूल स्कॅनरला उत्तरच देत नसेल तर बोलणी तिथेच थांबवा.

मला याचा राग येतो तो दिव्यामुळे नाही. एबीएस बंद असलेली गाडीही चालते, साधे ब्रेक लागतात. पण ते माहीत असलेला माणूस अंतर ठेवून चालवतो. ज्याला माहीत नाही तो संध्याकाळी समोर रोही (नीलगाय) आडवा आला की एबीएस आहे या भरवशावर पूर्ण ताकदीनं ब्रेक दाबतो. चाकं जाम होतात, स्टेअरिंग फिरवून उपयोग नसतो, गाडी सरळ घसरत जाते. १ एप्रिल २०१९ पासून नव्या कारला एबीएस बंधनकारक आहे. त्याआधीच्या मॉडेलमध्ये ते काही वेळा फक्त वरच्या व्हेरिएंटला असायचं. तेव्हा तुमच्या गाडीला एबीएस होतं का, हे आधी मालकाच्या पुस्तिकेत बघा. होतं आणि दिवा नाही, तर या आठवड्यातच तपासून घ्या, आणि तोपर्यंत गाडीला एबीएस नाही असं समजूनच चालवा. खरेदीआधी वाचणाऱ्यांनी स्कॅनचा खर्च व्यवहारातच धरावा. कन्सल्टंट स्कॅनला नाही म्हणत असेल तर तुम्हीही गाडीला नाही म्हणा.

मुरमाच्या रस्त्यावर एबीएसमुळे गाडी लवकर थांबत नाही म्हणतात. फ्यूज काढून टाकला तर? (आर्वी)

यात अर्धं खरं आहे. सुट्या मुरमावर एबीएसनं थांबायला कधी कधी जास्त अंतर लागतं. जाम चाक समोर मुरमाचा ढीग साठवतं, फिरणारं चाक साठवत नाही. पण जाम चाकानं वळता येत नाही, आणि तुमचा अर्धा प्रवास डांबरावरच होतो. शिवाय काही गाड्यांत वेगाचा काटा एबीएसच्या सिग्नलवर चालतो, तोही बंद पडेल. फ्यूज जागेवर राहू द्या आणि मुरमावर वेग कमी करा.

ब्रेक ऑइल कमी दिसतं. घरात इंजिन ऑइल आहे, घालू का? (सावनेर)

अजिबात नाही. ब्रेकमधली रबरं फुगून सगळी यंत्रणा बाद होईल. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच घाला, सीलबंद बाटलीतलं. आणि ते कमी का झालं ते बघा. लायनर झिजले असतील किंवा गळती असेल. नुसतं भरून पुढे जाऊ नका.

पिवळा दिवा लागलेला असताना गाडी नागपूरला नेऊन दाखवू का? (उमरेड)

फक्त पिवळा असेल आणि पेडल नेहमीसारखं कडक असेल तर हळू न्या, अंतर ठेवून. सोबत ब्रेकचा लाल दिवाही असेल तर आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का बघा. तरी लाल राहिला तर गाडी जागेवरून हलवू नका. ब्रेक ऑइल कमी झालेलं असेल, किंवा मागच्या चाकांचा ब्रेक आवरणारी यंत्रणाही बंद पडलेली असेल. मग मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरू शकते. टोचन करूनही नेऊ नका, दोरीनं ओढलेल्या गाडीलाही ब्रेक लागतो, आणि इंजिन बंद असताना पेडल आणखी जड होतं. पिकअपवर चढवून न्या, नाही तर मेकॅनिकला घरी बोलवा.