ताटाची डावी बाजू

या वेळी निवडलेली चारही पत्रे मधुमेहाविषयीची आहेत. उत्तरे देणारा डॉक्टर स्वतः १९ वर्षे मधुमेही आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे कोठे उपदेशाचा सूर लागलाच, तर त्यातला निम्मा मला उद्देशून आहे असे समजावे.

प्रश्न : माझे यजमान ५६ वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांना मधुमेहाचे निदान झाले. तेव्हापासून मी साखर पूर्ण बंद करून गूळ वापरते, पोळीऐवजी दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी करते आणि रोज सकाळी त्यांना कारल्याचा रस देते. गोळ्याही चालू आहेत. तरीही या महिन्यात एचबीएवनसी (मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ८.१ आले. त्यातच परवा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कंदी पेढ्याचा कागद सापडला आणि घरात मोठे भांडण झाले. माझे कोठे चुकते आहे? (एक भगिनी, सातारा)

उत्तर : आपल्या कष्टांत काही कमी नाही, चूक आहे ती हिशेबात. गूळ आणि साखर दोन्ही एकाच उसाच्या रसातून येतात आणि दोन्हींचा मुख्य घटक सुक्रोज हाच असतो. चहात गूळ घातल्याने चहाचा रंग बदलतो, रक्तातल्या साखरेला तो फरक फारसा कळत नाही. भाकरीचे थोडे वेगळे आहे. ज्वारी हे चांगले धान्य आहे, त्यात तंतू आहेत, आणि मैद्याच्या पावापेक्षा भाकरी केव्हाही बरी. परंतु पीठ ज्वारीचे असो वा गव्हाचे, त्याच्या १०० ग्रॅममध्ये ६५ ते ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतातच. आपल्याकडची हातावर थापलेली मोठी भाकरी ७०-८० ग्रॅम पिठाची सहज होते. अशा दोन भाकऱ्यांतून सुमारे १०० ग्रॅम कर्बोदके पोटात जातात, आणि 'भाकरीला पथ्य नाही' या समजुतीने वर अर्धी आणखी वाढली जाते. त्या अर्ध्या भाकरीतली कर्बोदके खिशातल्या लहान पेढ्यापेक्षा जास्त असतात. हे वाक्य यजमानांना वाचून दाखवू नये, कारण ते पेढ्याचे प्रमाणपत्र नाही.

कारल्याच्या रसाने साखर थोडी उतरू शकते, पण किती उतरेल याचा भरवसा नसतो. साखर कमी करणाऱ्या काही गोळ्यांबरोबर तो घेतल्यास ती नको तितकी खाली जाण्याचा धोकाही असतो. म्हणून रस चालू असल्याचे आपल्या डॉक्टरांना सांगावे. भाजी म्हणून कारले खुशाल करावे.

आता करायचे काय? आपल्या ताटाची मांडणी पाहा. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजव्या बाजूला भाजी, उसळ, आमटी, आणि मध्ये भात व भाकरी. ही रचना शहाणपणाची आहे. घोटाळा एवढाच झाला की डावी बाजू नखाएवढी उरली आणि मधला भाग पसरत गेला. मधुमेह्याने डावी बाजू मोठी करावी. चमचाभर कोशिंबिरीऐवजी वाटीभर कोशिंबीर घ्यावी. काकडी, गाजर, मुळा, कोबी, पालेभाजीची पचडी, जे बाजारात स्वस्त असेल ते चालते. लोणचे आणि पापड हेही डावीकडचेच सभासद आहेत, पण रक्तदाब असलेल्यांनी मिठामुळे त्यांना मोठे करू नये. उजवीकडे मोड आलेल्या मटकीची वा मुगाची उसळ, घट्ट वरण, मासे किंवा अंडी यांपैकी काहीतरी भरपूर असावे, आणि भाकरी ४० ते ५० ग्रॅम पिठाची, लहान आणि एकच. पहिल्या आठवड्यात पीठ वाटीने नव्हे तर काट्यावर मोजावे. नंतर हाताला अंदाज येतो. खाण्याचा क्रमही बदलून पाहावा: आधी कोशिंबीर आणि उसळ, त्यानंतर भाकरी, आणि भात असल्यास तो शेवटी व मोजका. तंतू आणि प्रथिने आधी पोटात गेली, तर जेवणानंतरची साखर कमी चढते, असे या विषयावरील प्रयोगांत दिसले आहे. वरणभाताने जेवणाला सुरुवात करण्याची आपली जुनी सवय मात्र त्यासाठी मोडावी लागते, आणि माझा स्वतःचा अनुभव असा की पेढा सोडण्यापेक्षा ते अवघड जाते.

माझ्या किंवा शेजाऱ्यांच्या सांगण्यापेक्षा यजमानांच्या रक्ताची साक्ष अधिक मोलाची आहे. घरी ग्लुकोमीटर असेल तर एखाद्या जेवणाच्या आधी आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी साखर मोजावी, आणि ताटात काय होते ते वहीत लिहावे. एके दिवशी पोहे, दुसऱ्या दिवशी मुगाचे धिरडे, तिसऱ्या दिवशी नाचणीची भाकरी आणि चौथ्या दिवशी नाचणीचेच पातळ आंबील मोजून पाहिले, तर महिनाभरात घरातच त्यांच्यासाठी नेमके काय चालते याचा कोश तयार होतो. बहुतेक प्रौढ रुग्णांसाठी जेवणानंतरचा आकडा १८० च्या आत राहावा अशी अपेक्षा असते. आपले लक्ष्य डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगत असल्यामुळे एचबीएवनसीमध्ये मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते. म्हणून बदल केल्यावर ही तपासणी तीन महिन्यांनी करावी आणि त्याआधी निकालाची घाई करू नये. ताट बदलूनही आकडा तसाच राहिला, तर गोळी बदलण्याची किंवा वाढवण्याची वेळ आलेली असते, आणि तो आपला पराभव नव्हे.

राहिला पेढ्याचा कागद. ज्या घरात खिसे तपासले जातात, तेथे माणूस खाणे थांबवत नाही, तो कागद बाहेर टाकायला शिकतो. त्यापेक्षा उघड करार करावा. पुरणपोळी करायची त्या दिवशी ती भाकरी आणि भात यांच्या जागी एकच खायची, त्यांच्यावर भर म्हणून नाही. पेढा खायचा तर सर्वांसमोर, अर्धा, जेवणाच्या शेवटी खायचा आणि त्यानंतर १५ मिनिटे दोघांनी मिळून चालायचे. आमच्या घरी ग्लुकोमीटरला 'नणंद' म्हणतात, कारण कोणत्याही स्वयंपाकात तिला काही ना काही खोट सापडतेच. हे नाव पत्नीने ठेवले, आणि त्या दिवसापासून वाईट आकड्यावरून आमचे एकमेकांशी होणारे भांडण बंद होऊन दोघांचे मिळून नणंदेशी सुरू झाले. थट्टा आजाराची करावी, आजारी माणसाची करू नये. 'खा खा, मग पाय कापायची वेळ येईल' हा टोमणा आहे, आणि टोमण्याने कोणाची साखर उतरल्याचे मी पाहिलेले नाही.

प्रश्न : मी ६७ वर्षांचा निवृत्त शिक्षक असून रोज सकाळी हास्यक्लबात जातो. हसल्याने साखर उतरते असे तेथे सांगितले जाते. हे खरे असेल तर गोळी कमी करता येईल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : पहिल्या भागात थोडे तथ्य आहे, दुसऱ्याचे उत्तर 'नाही' असे आहे. २००३ साली जपानी संशोधकांनी 'डायबेटिस केअर' या नियतकालिकात एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात १९ मधुमेही आणि ५ निरोगी व्यक्तींनी दोन दिवस सारखेच जेवण घेतले. पहिल्या दिवशी जेवणानंतर त्यांना एक कंटाळवाणे व्याख्यान ऐकवले आणि दुसऱ्या दिवशी विनोदी कार्यक्रम दाखवला. हसण्याच्या दिवशी जेवणानंतरची साखर कमी चढली. प्रयोग लहान आहे, एका जेवणापुरता आहे, आणि त्यातून औषधाला पर्याय सापडत नाही. कंटाळवाण्या व्याख्यानाच्या दिवशी साखर जास्त चढली, असेही हा निष्कर्ष उलटा वाचता येतो. आरोग्य शिबिरांत तासभर बोलणाऱ्या माझ्यासारख्यांनी त्याची नोंद घेतलेली बरी.

ताणामुळे ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात आणि ती साखर वर ढकलतात, त्यामुळे मन हलके राहण्याचा शरीराला उपयोग होतो, हे समजण्यासारखे आहे. पण हास्यक्लबाचा मोठा लाभ मला वेगळाच वाटतो. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईतील एका बागेत चार जणांना सोबत घेऊन पहिला हास्यक्लब भरवला. काही दिवसांतच विनोद संपले, आणि विनोदाशिवाय हसण्याची पद्धत निघाली. म्हणजे तेथे जाण्यासाठी विनोद कळावा लागत नाही, केवळ वेळेवर उठून, चालत जाऊन, चार माणसांत उभे राहावे लागते. दीर्घ आजारात माणूस हळूहळू लग्नकार्ये, सहली, पंगती टाळू लागतो. त्याला रोज घराबाहेर काढणारी गोष्ट लहान समजू नये. क्लब चालू ठेवावा आणि गोळीही चालू ठेवावी. हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा डोळ्यांच्या पडद्यात रक्तस्राव झाला असल्यास जोरात हसण्याचे प्रकार डॉक्टरांना विचारूनच करावेत.

प्रश्न : वय ६१. दोन वर्षांपासून इन्सुलिन घेतो. आषाढी वारी तीस वर्षांत कधी चुकलेली नाही. मुलगा या वर्षी जाऊ देत नाही. एकादशीचा उपवासही सोडायला सांगतो. काय करावे? (एक वारकरी, जालना जिल्हा)

उत्तर : मुलाची काळजी रास्त आहे, तरी तयारी नीट असेल तर बंदीची गरज पडत नाही. निघण्यापूर्वी महिनाभर आधी डॉक्टरांना भेटावे. रोज १५-२० किलोमीटर चालल्याने साखर घरच्यापेक्षा खाली राहते, त्यामुळे इन्सुलिनची मात्रा बहुधा कमी करावी लागते, आणि ती किती करायची हे आधी लिहून घ्यावे. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड आणि हृदय यांची तपासणीही त्याच भेटीत करून घ्यावी.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवायचे असते. वापरात असलेले पेन बहुतेक प्रकारांत सुमारे २८ दिवस साध्या तापमानाला टिकते, मात्र ते ऊन आणि ३० अंशांवरील उकाडा यांपासून जपावे लागते. मातीच्या लहान मडक्यात ओली वाळू भरून, इन्सुलिन प्लास्टिकच्या डबीत घालून आत ठेवल्यास चांगला गारवा मिळतो. बर्फाला ते चिकटू देऊ नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. सर्व सामान एकाच पिशवीत न ठेवता अर्धे दिंडीतल्या सोबत्याकडे द्यावे.

घाम, थरथर, एकदम लागलेली भूक, बोलण्यातला गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणे सोबत्यांना शिकवून ठेवावीत. साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी, अजून खालीच असेल तर पुन्हा प्यावी, आणि सावरल्यावर काहीतरी खावे. येथे लाडू किंवा पेढा उपयोगी नाही, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. त्याला थेट रुग्णालयात न्यावे.

पायांबाबत माझी विनंती आग्रहाची आहे. अनवाणी चालू नये, नवी पादत्राणे वारीत पहिल्यांदा घालू नयेत, पावसात भिजलेले मोजे लगेच बदलावेत आणि रोज संध्याकाळी तळवे आरशात पाहावेत, कारण संवेदना कमी झालेल्या पायाला फोड आलेला कळत नाही. फोड आला तर तो फोडू नये. पाय शेकण्यासाठी गरम पाण्यात बुडवणेही टाळावे.

एकादशीला निर्जळी उपवास आपण करू नये. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण कोणा मधुमेह्याने केली नसली, तरी साबुदाण्याची भरगच्च ताटली पाहिली की तीच आठवते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्याऐवजी थोडी भगर, शेंगदाण्याची आमटी, दही, काकडी असे वेळेवर खावे, आणि त्या दिवशीचे इन्सुलिनही डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावे.

प्रश्न : वय ३४. नऊ किलो वजन घटवल्यावर माझे एचबीएवनसी ७.९ वरून ६.३ वर आले. रोज मेटफॉर्मिनची एक गोळी घेतो. मधुमेह बरा झाला असे म्हणता येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अभिनंदन. 'बरा झाला' असे मात्र म्हणू नये. औषध पूर्ण बंद झाल्यानंतर किमान तीन महिने एचबीएवनसी ६.५ च्या खाली राहिले, तर त्याला 'रेमिशन' म्हणतात, आणि त्यातही वजन परतल्यास आजार परततो. गोळी स्वतःहून थांबवू नये. डॉक्टरांशी बोलून प्रयोग करता येईल. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होऊ शकते, म्हणून ते अधूनमधून तपासावे. डोळ्यांच्या पडद्याची, लघवीतल्या प्रथिनांची आणि पायांची वार्षिक तपासणी रेमिशन मिळाल्यावरही चालूच ठेवावी.