स्क्रीन टाईमचा स्क्रीनशॉट पाठवणाऱ्या पोरीला

अगं पोरी,

रात्री पावणेदोनला आलेला तुझा मेसेज सकाळी बघितला. स्क्रीनशॉट पण बघितला, ७ तास १२ मिनिटं, आणि खाली तू लिहिलंयस की ताई मी वाया गेलेय, हा फोन विकून साधा बटणाचा घेऊ का. आधी एवढंच सांगते, विकू नकोस. इथे पुण्याच्या पेठेत एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्यांपैकी दरवर्षी कुणी ना कुणी साधा फोन घेतंच, पंधरा दिवस रुबाबात फिरतं, आणि मग हॉल तिकीट, ओटीपी, मेसचे पैसे, लोकसेवा आयोगाचं परिपत्रक, सगळ्यासाठी रूम पार्टनरचा फोन मागत बसतं आणि शेवटी तिच्याच फोनवर रील्स बघतं.

आणि त्या ७ तासांना घाबरू पण नकोस, ते आधी फोडून बघ. मी बघितले. त्यातले जवळजवळ तीन तास यूट्यूब आहे आणि तू म्हणतेस ती पॉलिटीची, म्हणजे राज्यघटनेची लेक्चर्स होती, ठीक आहे, वही पुढ्यात घेऊन बघितली असशील तर तो अभ्यासच झाला. इन्स्टा तासभर. मला खटकलं ते टेलिग्राम, दोन तासांच्या वर! इन्स्टा बघताना निदान आपल्याला माहीत असतं की आपण टाईमपास करतोय, मनात कुठेतरी टोचत असतं. टेलिग्रामवर टोचत नाही. तिथे सगळं अभ्यासासारखंच दिसतं ना, चालू घडामोडींची पीडीएफ, मग तीच पीडीएफ दुसऱ्या चॅनलवर दुसऱ्या लोगोने, मग क्विझचा पोल, मग 'यंदा कट ऑफ किती लागेल' यावर दीडशे मेसेज, मग पहिल्या आन्सर कीवरून भांडण, मग कुठल्यातरी टॉपरचा स्ट्रॅटेजी व्हिडिओ. पीडीएफ डाऊनलोड झाली की डोक्याला वाटतं वाचून झाली. तुझं डाऊनलोडचं फोल्डर उघड आणि बघ, त्यातल्या किती फाईल्स दुसऱ्यांदा उघडल्यास.

पूर्वी हे एकवेळ खपून जायचं कारण मुख्य परीक्षेत पण बहुतेक पर्यायांचे गोळेच काळे करायचे होते. आता राज्यसेवा मुख्य वर्णनात्मक आहे, ९ पेपर, सगळं हाताने लिहायचं. याच शास्त्री रोडवर २०२३ ला पोरं याच्या विरोधात रस्त्यावर बसली म्हणून तो पॅटर्न २०२५ पर्यंत पुढे गेला, पण आला तो आलाच. माझ्याकडे मुली उत्तरं तपासायला आणतात तेव्हा मला काय दिसतं सांगू का, पहिलं पान सुंदर असतं, मुद्दे, उपमुद्दे, आकृती, सगळं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर अक्षर बदलतं. वाक्यं तुटायला लागतात, खाडाखोड वाढते, आणि विचारलं की म्हणतात ताई हात दुखतो. हात दुखतो ते खरंच आहे पण त्याच्या आधी मन उठलेलं असतं गं. दर पंधरा सेकंदाला काहीतरी नवीन बघायची सवय लागलेलं मन एकाच प्रश्नावर वीस मिनिटं बसत नाही.

यात तुझ्या इच्छाशक्तीचा दोष काढत बसू नकोस. पूर्वी वेबपेज संपायचं, पुढे जायला बटण दाबायला लागायचं, आणि तेवढ्या थांब्यावर माणूस उठून पाणी प्यायला जायचा. २००६ ला अझा रास्किन नावाच्या डिझायनरने न संपणारं स्क्रोल काढलं आणि तो थांबाच गेला, पुढे त्याने स्वतःच जाहीर सांगितलं की याचा पश्चात्ताप होतो. आपल्याकडे २०२० च्या जूनअखेर टिकटॉक बंद झालं आणि दोन आठवडे व्हायच्या आत इन्स्टाने रील्स आणल्या, लॉकडाऊनमध्ये घरात बसलेली पोरं आयतीच मिळाली. आणि गंमत म्हणजे प्रत्येक रील चांगली असती तर आपण कंटाळून सोडली असती. दहा भिकार, मग एक भारी, मग परत सहा भिकार, मटक्याचा आकडा लागेल लागेल म्हणून माणूस बसून राहतो तसं.

बरं, आता रिझल्टच्या दिवसाचं बोलू, कारण खरी वाट तिथे लागते. यादी लागली की संध्याकाळपर्यंत गुलाल सुरू होतो, जेसीबीतून उधळलेला गुलाल, ट्रॅक्टरवरून मिरवणूक, आई रडतेय, मागे स्लो मोशनचं गाणं. माझा कुणाच्या आनंदावर राग नाही, मिरवा की, कष्ट केलेत. पण दोन मार्कांनी गेलेल्या पोरीची रील कुणी काढत नाही, त्यामुळे फोनमध्ये सगळं जग पास झालेलं दिसतं आणि खोलीत तू एकटीच राहिलेली असतेस. त्याहून वाईट म्हणजे वर्गातल्या मैत्रिणींचे स्टेटस. हिंजवडीत नोकरी, नव्या गाडीला हार, हातात ती पुठ्ठ्याची भलीमोठी चावी. हे स्टेटस म्यूट कर, त्यांना कळत पण नाही, वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही. आणि रिझल्टच्या संध्याकाळपासून पुढचे तीन दिवस इन्स्टा लॉग आऊट, आपला नंबर आयोगाच्या साईटवर बघायचा, बास.

टेलिग्रामचे चॅनल म्यूट करू नकोस, सोडून दे. एक ठेव. एखादी जाहिरात सुटेल ही भीती वाटेल, पण जाहिरात आयोगाच्या साईटवर येतेच आणि तुझ्या अभ्यासिकेत ती तुझ्या आधी दहा जणींना कळलेली असते. सकाळच्या अभ्यासाला फोन बॅगेत नको, काउंटरवर चार्जिंगला लाव. गजराचं घड्याळ तुळशीबागेतून आण, 'गजरासाठी उशाशी ठेवते' हे कारण मी सगळ्यांकडून ऐकलंय.

रात्रीचं मात्र एकटीने जमणार नाही. तुमच्याच सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे बघ, तिथे २०२२ च्या १५ ऑगस्टपासून संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजतो आणि गाव दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवतं. सगळ्यांनी एकदम बंद केलं की आपलं काही सुटतंय असं वाटत नाही, त्याची खरी युक्ती तेवढीच आहे. तुमच्या खोलीत चार कॉट आहेत. चौघींनी ठरवून साडेदहाला चारही फोन दाराजवळच्या त्या एकाच बोर्डाला लावायचे. एक जण नाटक करेल, घरून फोन येईल म्हणेल, तर रिंग चालू ठेवा, नेट बंद.

आता मला खरं विचारायचंय ते तुझ्या मेसेजच्या वेळेबद्दल. पावणेदोनला तू फोन बघत होतीस म्हणून झोप येत नव्हती, का झोप येत नव्हती म्हणून फोन बघत होतीस? पहिलं असेल तर वर लिहिलंय ते कर, फरक पडेल. दुसरं असेल तर फोन काढून घेतला तरी ती छातीतली धडधड तिथेच राहणार, उलट जास्त ऐकू येईल. दोन आठवडे झोप नाही, मेसचं ताट तसंच परत जातंय, आंघोळीचा कंटाळा, आईचा फोन मुद्दाम उचलायचा नाही, यातलं काही चालू असेल तर तो आळस नाही आणि स्क्रीन टाईमचा प्रश्न पण नाही. १४४१६ लाव, सरकारची टेली मानस ही मन मोकळं करायची हेल्पलाईन आहे, फुकट, रात्री दोनला पण, मराठीत बोलता येतं. ससून हॉस्पिटलला मानसोपचार विभाग आहे, एकटीने जायला नको वाटलं तर मी येते बरोबर, केसपेपरच्या लाईनीत गप्पा मारू. आणि जगावंसंच वाटत नाही असं कधी मनात आलं तर सकाळची वाट बघायची नाही, तिथेच १४४१६ लावायचा, शेजारच्या कॉटवरचीला उठवायचं आणि मला फोन करायचा, कितीही वाजलेले असू देत.

याचं उत्तर मेसेजवर टाईप करत बसू नकोस, आज संध्याकाळी फोन कर. आणि रविवारी येताना एक उत्तर लिहून आण, दोन पानी, विषय कुठलाही. फोटो काढून पाठवायचा नाही, कागद आण.

तुझी ताई